एक जूनवाले दोघे, फर्स्ट क्लासमध्ये

आमच्या कुंडलच्या स्वयंपाकघरात सिलिंडरच्या मागे एक पिशवी टांगलेली आहे. तिच्यात पिशव्या असतात. कुणी मुद्दाम साठवत नाही. बाजारातून एक येते, मेडिकलमधून एक येते, आणि एखाद्या दिवशी सिलिंडर बदलायला गेलं की सगळा ढीग अंगावर येतो. एअरलाइनच्या कस्टमर केअरचे किस्से असेच साठतात. घडताना नुसतं डोकं उठतं. हसू येतं ते ढीग अंगावर पडल्यावर.

एअरलाइनचं नाव मी सांगणार नाही. भीतीपोटी नाही हं! नाव सांगितलं तर त्यांचा खुलासा येईल, खुलाशात चूक असेल, आणि ती दुरुस्त करायला मला परत त्यांच्याच नंबरवर फोन लावावा लागेल.

आधी आम्ही कोण ते सांगते. माझा नवरा धनंजय जर्मनीत एका कंपनीत इंजिनिअर आहे. आमची लेक शरू चार महिन्यांची असताना तो गेला. मग कधी प्रोजेक्ट, कधी व्हिसा, कधी मंजूर होऊन रद्द झालेली रजा, असं करत शरू अडीच वर्षांची झाली. बाबा म्हणजे तिच्या लेखी मोबाइलमधला एक चौकोनी माणूस. तो "शरूऽऽ" म्हणाला की ही लाल बटण दाबते. फोन कट!

बरं, ती बोलते तरी किती? हम्मा, दुदू, आबा आणि नको. संपला शब्दकोश. "बाबा" एकदाही नाही. मी तिला मिरजेला डॉक्टरांकडे घेऊन गेले. त्यांनी कान तपासले, घसा तपासला, आणि म्हणाले, "मुलगी उत्तम आहे. तुम्हीच इतकं बोलता की तिला बोलायची गरज पडत नाही."

मी घरी येऊन दोन दिवस गप्प बसून पाहिलं. तिसऱ्या दिवशी सासूबाई हळूच जवळ आल्या. "म्हायेरासनं काय वंगाळ फोन आलाय व्हय गं?"

तर माझी काळजी एकच होती. विमानतळावर शरूनं बापाला बघितलं आणि भोकाड पसरलं तर? किंवा त्याहून वाईट, तिनं त्याच्यावर लाल बटण शोधलं तर?

* * *

धनंजयनं कंपनीच्या कामासाठी इकडून तिकडे उडून जे काही पॉइंट जमवले होते, ते सगळे एका झटक्यात उडवले. मुंबई ते फ्रँकफर्ट, थेट विमान, फर्स्ट क्लास! मी, शरू आणि आबा, म्हणजे माझे सासरे. एवढ्या लहान पोरीला घेऊन मी एकटी विमानात बसणार नाही, असं मी बजावलं होतं, म्हणून आबा. सासूबाई नाहीत, कारण म्हशी.

मी अंगणात येऊन जाहीर केलं, "आई, आम्हाला फर्स्ट क्लास मिळाला!"

सासूबाई वैरण टाकत होत्या. त्यांनी हात जोडले. "बरं झालं बाई. परीक्षा कवा दिलीस?"

मी समजावून सांगेपर्यंत शेजारच्या काकू पेढे मागायला आल्या होत्या. आता हे मला जास्त लागलं, कारण मला एमएस्सीला सेकंड क्लास आहे. फर्स्ट अगदी थोडक्यात हुकलेला. मी तो विषय लग्नानंतर घरात कधी काढलेला नाही. पण त्या दिवशी तोंडातून निघून गेलं.

सासूबाईंनी पाठीवरून हात फिरवला. "आसूं दे. देवाच्या दारात रिचेकिंग असतंय बग!"

* * *

तिकिटांची पीडीएफ आली आणि माझं सुख तिथेच संपलं.

त्या विमानात फर्स्ट क्लासच्या प्रत्येक सीटला स्वतःचं सरकतं दार असतं. आत शिरा, दार लावा, झोपा. पीडीएफमध्ये लिहिलं होतं: सर्वात पुढची, एकटी सीट शर्वरी पवार. ज्येष्ठ नागरिक. मागे, शेजारी-शेजारी दोन सीट: एक मी आणि दुसरे पांडुरंग पवार. बालक. मातेसोबत.

अडीच वर्षांची पोर पुढे दाराआड एकटी. आणि सासरे माझ्या शेजारी, बालक!

हा घोळ कसा झाला ते कळायला आमच्याकडचं एक जून माहीत पाहिजे. ज्या पिढीच्या आईबापांना पोराची जन्मतारीख सांगता येत नव्हती, तिला शाळेत घालताना गुरुजींनी सरसकट एक जून देऊन टाकली. आबांच्या वयाच्या अख्ख्या गल्लीचा वाढदिवस एकाच दिवशी असतो. आबांची खरी तारीख विचारली तर ते सांगतात, "पाऊस लागून ऱ्हायला हुता आन् तांबडी म्हस याली हुती. तवाच."

आणि शरू? शरू खरोखर, मिरजेच्या दवाखान्यात, डॉक्टरांच्या घड्याळाप्रमाणे, एक जूनलाच जन्मली. तेव्हा आबा पाळण्याशी उभं राहून अभिमानानं म्हणाले होते, "घराण्याचा गुण हाय!"

एअरलाइनच्या कॉम्प्युटरला हा गुण पेलला नाही. दोन पवार, दोन एक जून. त्यानं बालक आणि ज्येष्ठ नागरिक हे शिक्के इकडचे तिकडे करून टाकले.

* * *

"काळजी करू नकोस," धनंजय म्हणाला. "फर्स्ट क्लासवाल्यांना स्पेशल नंबर असतो. माणसं पटकन उचलतात."

स्पेशल नंबरवर तीच बाई, तेच टुंगटुंग संगीत आणि तेच वाक्य होतं. फक्त आवाज जरा गोड. "युअर कॉल इज इम्पॉर्टंट टू अस."

मी स्पीकर लावला होता. सासूबाई लसूण सोलत होत्या. त्यांनी अर्थ विचारला, मी सांगितला. तुमचा फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.

"मग उचल की, सटवे!"

शेवटी उचलला एका केविननं. केविनचं इंग्रजी असं की मला माझ्या एमएस्सीची परत आठवण आली. मी सांगितलं, बालक कोण ते चुकलंय.

"मॅम, आय सी द चाइल्ड इज सिक्स्टी-एट इयर्स."

"एक्झॅक्टली! तो चाइल्ड नाही."

"बट मॅम, चाइल्ड मस्ट सिट विथ मदर. फॉर सेफ्टी."

"अहो, तो माझा सासरा आहे!"

"आय अंडरस्टँड, मॅम. डझ युअर फादर-इन-लॉ नीड अ कार सीट?"

मी कपाळावर हात मारला. "अगं आई गं, काय करू ह्या माणसाला!"

पलीकडून अगदी दबक्या आवाजात केविन म्हणाला, "ताई... कुठल्या तुमी?"

"कुंडल. आणि तुम्ही?"

"मी तासगावचा. हळू बोला, कॉल रेकॉर्ड होतोय. मराठीत बोललो तर वर जाब द्यावा लागतो."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. म्हटलं, आपला माणूस भेटला! "दादा, मग करा ना हो एवढं काम. पोरगी दोनच वर्षांची आहे हो, अडीच."

"ताई, ते काय माझ्या हातात न्हाई बघा. सिस्टिम आत जाऊच देत न्हाई." आवाज आणखी खाली आला. "तेवढं सांगा, औंदा द्राक्षं कशी हायत?"

* * *

तो महिना मी रोज दुपारी फोन लावला. शरूला मांडीवर घेऊन, फोन स्पीकरवर ठेवून. टुंगटुंग संगीत, मग बाई, मग टुंगटुंग. कधी पाऊण तास, कधी त्याच्याही पुढे.

एक दिवस लक्षात आलं की संगीत सुरू झालं की शरूचे डोळे मिटतात. आणि ज्या पोरीला दुपारी झोपवायला मला आणि सासूबाईंना आळीपाळीनं घरभर फिरावं लागायचं, ती पाचव्या टुंगला गाढ!

पुढे पुढे असं झालं की मला एअरलाइनशी काही बोलायचं नसलं तरी मी शरूला झोपवायला फोन लावायचे. आई म्हणून याची लाज वाटावी की अभिमान, हे मी अजून ठरवलेलं नाही.

एका दुपारी शरू किरकिर करत होती. मी तिला मांडीवर घेतलं, नंबर लावला, थोपटायला हात उचलला. पहिल्याच रिंगला!

"गुड आफ्टरनून मॅम, हाऊ मे आय हेल्प यू?"

शरूनं डोळे टक्क उघडले.

"काही नाही हो!" मी ओरडले. "ठेवा! होल्डवर ठेवा आधी!"

* * *

आता आबांविषयी. आबा लष्करात सिग्नलला होते, हवालदार म्हणून निवृत्त झाले. डोंगरावर, बर्फात, खांद्यावर वायरलेस घेऊन आयुष्य काढलं. महिनाभर माझी फरफट त्यांनी गुमान बघितली. एक दिवस म्हणाले, "पोरी, दे हिकडं. तुमाला फोनवर बोलायचं वळनच न्हाई."

शर्ट पँटीत खोचला. उभे राहिले. मग फोन कानाला.

"हॅलो. धिस इज हवालदार पवार, कुंडल. माय एज इज राँग. आय ॲम नॉट बेबी. ओव्हर."

पलीकडची मुलगी म्हणाली, "सॉरी सर? इज इट ओव्हर?"

"येस! ओव्हर!"

"थँक्यू फॉर कॉलिंग, सर. हॅव अ नाइस डे." फोन कट.

आबांनी परत लावला. अर्धा तास संगीत, उभ्यानं. दुसरा माणूस. आबांनी निरोप पहिल्यापासून सांगितला, खणखणीत, आणि शेवटी ओव्हर. "ग्रेट, सर!" फोन कट.

तिसऱ्यांदा असंच झालं. आणि संध्याकाळी माझ्या मोबाइलवर मेल: ग्राहकानं विषय संपल्याचं तीन वेळा कळवल्यामुळे आपली तक्रार बंद करण्यात आली आहे. आमच्या सेवेला किती तारे द्याल?

महिनाभराची तक्रार बंद! मी भिंतीला टेकून खाली बसले. आबा मात्र खवळले होते.

"आरं, ओव्हर म्हंजी संपलं न्हवं! ओव्हर म्हंजी माजं बोलून झालं, आता तू बोल. संपलं आसलं तर आऊट म्हनत्यात. एवढंबी ठावं न्हाई आन् इमानं उडवत्यात!"

त्या प्रकारानंतर आबांना जुना नाद परत लागला. संध्याकाळी ते ओट्यावर बसायचे, स्वतः टीव्हीचा रिमोट कानाला लावायचे आणि शरूच्या हातात स्टीलचा पेला द्यायचे.

"आबा टू शरू. म्हशीनं पेंड खाल्ली. ओव्हर."

मग थांबायचे. शरू पेला तोंडाशी धरून त्यांच्याकडे बघत राहायची. एक शब्द नाही. आबा पुरेसं थांबून पुढचा निरोप द्यायचे. "आबा टू शरू. आजी रागावली. च्या मिळाला न्हाई. ओव्हर."

मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत राहायचे. एकदा न राहवून बाहेर आले. "आबा, ती काही बोलतच नाही हो. मला भीती वाटते."

आबांनी रिमोट कानावरून काढला नाही. "न बोलनं येगळं आन् रेडिओ सायलेन्स येगळा. ती ऐकून घितीय. येळ आली की बोलंल."

"आणि नाही बोलली तर?"

"तू मदीच बोलू नगंस. लाइन बिझी हुतीया!"

* * *

फोनचा मार्ग बंद झाला म्हणून मी वेबसाइटवर चॅटकडे वळले. तिथे भाषा निवडा म्हणून यादी होती आणि यादीत चक्क मराठी! मी हरखले. सगळी हकीकत लिहिली, शुद्धलेखनासकट. माझी मुलगी फर्स्ट क्लासमध्ये एकटी बसते आहे, कृपया तिला माझ्याजवळ जागा द्या.

उत्तर लगेच आलं.

"नमस्कार पालक! आपल्या पाल्याचा पहिल्या इयत्तेतील प्रवेश निश्चित आहे. पाल्याने दोन दप्तरे आणावीत. प्रत्येक दप्तर बत्तीस किलोपर्यंत चालेल."

मी ते मोठ्यानं वाचलं ही माझी चूक. सासूबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या.

"बत्तीस किलोचं दप्तर? पोरगी बारा किलोची न्हाई!"

मी परत लिहिलं, ही शाळा नव्हे, विमान आहे. मला माणसाशी बोलायचं आहे.

"क्षमस्व. मुख्याध्यापक सध्या व्यस्त आहेत." असं काही ते म्हणालं नाही. पण मला खात्री आहे की ते म्हणणार होतं. त्याच्या आधी मी लॅपटॉप मिटला.

* * *

माहेरी वडूजला निरोप घ्यायला गेले तेव्हा आईनं शेंगदाण्याची चटणी दिली, वडिलांनी सल्ला दिला. "गप साध्या क्लासनं जा. तिथं निदान तिघं एका बाकावर बसाल." मला ते इतकं पटलं की मी रात्रीपर्यंत धनंजयला कळवूनही टाकलं: रद्द कर, साध्या क्लासची काढ, नाहीतर मी येत नाही.

तो म्हणाला, "अगं, ती सीटसाठी नाही काढली तिकिटं. शरूनं झोप काढून, हसत-खेळत उतरावं म्हणून काढली. दमलेली, रडवेली पोर माझ्याकडे येणार आहे का? आधीच ती मला कट करते."

पॉइंट संपले होते आणि त्याची पुढची रजा कधी, हे त्यालाही माहीत नव्हतं. बॅगा भरल्या.

* * *

मुंबई विमानतळ. फर्स्ट क्लासच्या काउंटरवर गालिचा, फुलं आणि एक तरतरीत मुलगी. मी रात्रभर पाठ केलेलं सुरू केलं. पहिल्या मेलपासून, केविनपासून, तीन ओव्हरपासून. हातात फाइल, फाइलला चिकटपट्ट्या. माझा आवाज चढत चालला होता. शेजारच्या काउंटरवरचे एक सुटाबुटातले गृहस्थ आपली बॅग घेऊन जरा लांब सरकले.

मुलीनं माझ्याकडे न बघता तीन बटणं दाबली. प्रिंटर कुरकुरला.

"झालं मॅडम. बाळ तुमच्या शेजारी, आजोबा पुढे."

"झालं?"

"हो."

"एवढंच?"

"एवढंच तर असतं! इथं आल्यावर होतंच की." ती गोड हसली. "तुम्ही फोन कशाला करत बसलात?"

आबांनी माझ्या हातातली फाइल हळूच काढून घेतली. मला वाटतं, माझ्या हातून काही घडेल अशी त्यांना भीती वाटली असावी.

* * *

विमानात पाऊल टाकलं आणि कानावर काय आलं? टुंगटुंग! प्रवासी चढताना तेच संगीत लावतात त्यांच्याकडे. शरूनं इकडे तिकडे पाहिलं, माझ्या खांद्यावर मान टाकली आणि पाचव्या टुंगला गाढ. विमान उडालं, कान दुखले नाहीत, रडं नाही, काही नाही. महिनाभराचा सगळा छळ असा एका मिनिटात फिटला, आणि मला तर आभार मानायलाही कुणी नव्हतं. केविनला सांगावंसं वाटलं खरं.

सीट मात्र बदलल्या तरी जेवण बदललं नव्हतं. हवाई सुंदरी झुकून आबांपुढे ट्रे ठेवून गेली. गाजराचा लगदा, डोळे-तोंड रंगवलेला भात, दुधाची बाटली आणि एक कापडी अस्वल. आणि माझ्या शेजारी झोपलेल्या शरूच्या टेबलावर शॅम्पेन आणि माशांची अंडी!

मी ताडकन उठून पुढे धावले. "आबा, थांबा, मी बदलून घेते!"

आबा लगदा खात होते. "ऱ्हाऊ दे. मऊ हाय. दाताला बरं पडतंय."

"आणि ते अस्वल?"

"त्याला कशाला काय? गप बसलंय की ते."

थोड्या वेळानं सुंदरी आबांचं अंथरूण घालायला आली तेव्हा ते घालून झालं होतं. आबांनी सीट स्वतःच आडवी केली होती, चादर ओढून कोपरे असे दुमडले होते की नाणं टाकलं तर उडावं. पलंगाशेजारी आबा सावधान उभे, तपासणीची वाट बघत. ती बिचारी गोंधळली. मग तिला काय वाटलं कोण जाणे, तिनं चादरीवर बोट फिरवलं आणि म्हणाली, "परफेक्ट, सर."

आबांच्या चेहऱ्यावर जे समाधान मी त्या रात्री पाहिलं, ते आयुष्यभराच्या पेन्शननं आलं नव्हतं.

आणि मी? मला पायजमा दिला, मोजे दिले, मऊ उशी दिली, गादी दिली. मी सगळं मांडीवर घेऊन, सरकतं दार उघडं ठेवून, ताठ बसून शरूचा श्वास मोजत फ्रँकफर्टपर्यंत आले. फर्स्ट क्लास मला दुसऱ्यांदा हुकला!

* * *

फ्रँकफर्टला बॅगा आल्या. एक नाही आली. चटणीची. मदतीचा नंबर भिंतीवर होता. मी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

काचेचं दार सरकलं आणि समोर धनंजय. मोबाइलमध्ये दिसतो त्यापेक्षा उंच, बारीक, दाढी नीट न केलेला. हातात पिवळा फुगा, त्याची दोरी बोटाला गुंडाळून गुंडाळून बोट पांढरं पडलेलं. शरू नुकतीच उठलेली, ताजी, माझ्या कडेवर. तिनं त्याला बघितलं आणि माझ्या गळ्याभोवतीचे हात आवळले.

मी त्याला फोनवर दहादा बजावलं होतं. एकदम अंगावर येऊ नकोस, लांबून बोल, हळू बोल, तिचं नाव घे. तो लांबच थांबला. तोंड उघडलं. आणि त्याला बोलताच येईना. ओठ हलत होते, आवाज नाही. मी त्याच्या वतीनं बोलायला निघाले, तेवढ्यात आबांनी माझ्या कोपराला हात लावला. मी गप्प बसले.

शरू बघत राहिली. त्याच्या चेहऱ्याकडे. मग चेहऱ्याच्या कडेला, मग दुसऱ्या कडेला, मग मागे. चौकट शोधत असावी. मग तिनं गळ्याभोवतीचा एक हात सोडला आणि बोट पुढे केलं. मी डोळे मिटून घेतले.

काही झालं नाही. डोळे उघडले तर शरूनं ते बोट मिटलं होतं. मूठ केली होती. ती मूठ तिनं तोंडाशी धरली, ओट्यावर पेला धरायची तशी.

"बाबा," ती म्हणाली.

धनंजय तसाच उभा.

शरू जरा थांबली. मग तिनं मूठ पुन्हा तोंडाशी नेली.

"ओव्हर!"